अडीच घटकांचा प्रश्न

मृत्यू सांगून येत नाही, हे वाक्य मर्तिकाच्या घरी समाचारास जाऊन आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की, ते खरे आहे की खोटे ह्याचा विचार करण्याची आपणांस गरजच वाटेनाशी झाली आहे. आमचे म्हणणे असे की, ते पुष्कळ अंशी खोटे आहे. छातीत कळ येऊन घामाने भिजलेला दुकानदार, पऱ्हाटीत निंदण करिताना सर्पदंश झालेली मजूर बाई, बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबणारी माता, हमरस्त्यावर मोटारीखाली सापडलेला तरुण ह्या सर्वांच्या बाबतीत मृत्यू तास-दोन तास आधी दारावर थाप मारतो. घरात कोणी उठते की नाही, उठले तर वेळेवर उठते की नाही, आणि उठल्यावर काय करावे हे त्यास ठाऊक असते की नाही, एवढाच प्रश्न असतो. ह्या प्रश्नाची उत्तरे चुकली म्हणजे आपण ‘आयुष्याची दोरीच तुटली’ असे म्हणून देवावर खापर फोडतो आणि मोकळे होतो.

अपघातात जबर जखमी झालेल्या माणसास पहिल्या तासाच्या आत योग्य उपचार मिळाले तर तो वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो, ही गोष्ट अमेरिकेतील बाल्टिमोर शहरचे शल्यवैद्य आर. अ‍ॅडम्स कौली ह्यांनी जगापुढे आग्रहाने मांडली. तिकडे त्या तासास सोन्याचा तास म्हणतात. आपल्या जुन्या कालमानाने तो तास म्हणजे अडीच घटका. एका तासाची ही रेषा निसर्गाने पट्टी घेऊन आखलेली आहे असे नव्हे. हृदय बंद पडलेल्या माणसास घटकाभरही सवड नसते. छाती दाबून रक्त फिरते ठेवले नाही, तर दर मिनिटागणिक त्याची आशा शेकडा सात ते दहाने उणी होत जाते. उलटपक्षी मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असता ती विरघळविण्याचे औषध साडेचार तासांपर्यंत देता येते. परंतु ह्या सर्वांचे सार एकच : वेळ हेच पहिले औषध होय, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

हे औषध रोग्याच्या दारापर्यंत नेण्याची कल्पना जुनी आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांच्या हलक्या गाड्या करून, लढाई संपण्याची वाट न पाहता, घायाळांस रणांगणावरून उचलून आणण्याची पद्धत पाडली. १९६६ साली बेलफास्ट येथील पँट्रिज ह्या वैद्याने हृदयविकाराचे उपचार थेट गाडीत घालून रोग्याच्या घरी पाठविले. आपल्या देशात ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर प्रथम २००५ साली हैदराबादेस उभी राहिली. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०१४ रोजी १०८ ह्या क्रमांकाची सेवा सुरू केली, त्या वेळी सर्व राज्यासाठी ९३७ गाड्या योजिल्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत श्वासोच्छ्वास चालविणारे यंत्र व इतर प्रगत साधने होती; उरलेल्या ७०४ गाड्या प्राथमिक स्वरूपाच्या होत्या. गाडीबरोबर केवळ परिचारक न पाठविता डॉक्टर पाठवावयाचा, हे आपल्या राज्याच्या योजनेचे विशेष होय. सेवेचा एक पैसाही रोग्याकडून घ्यावयाचा नाही. शहरात वीस मिनिटांत व खेड्यात तीस मिनिटांत गाडी पोहोचावी, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. म्हणजे साधारणतः एका घटकेचा वायदा झाला. ह्याखेरीज गर्भवती, बाळंतीण व तान्ही मुले ह्यांची ने-आण करण्यासाठी १०२ क्रमांकाची निराळी सोय आहे.

आता हे यंत्र चालते कसे, हे वर्धेकरांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण ज्याचे चलन ठाऊक नाही ते हत्यार ऐन वेळी हातात असून नसल्यासारखे असते. आपण १०८ फिरविले की घंटा वर्धेस वाजत नाही. ती पुण्यास मध्यवर्ती कक्षात वाजते. तेथील मनुष्य रोग्याची स्थिती व ठिकाण विचारतो, कोणती गाडी जवळ आहे ते पडद्यावर पाहतो, आणि तिच्या चालकास व डॉक्टरास निघण्याची सूचना देतो. पुण्यातील त्या मनुष्याने आपले शिवार पाहिलेले नसते. ‘आष्टीहून बोलतो’ एवढेच आपण सांगितले, तर आष्टी बीड जिल्ह्यातही आहे. ‘सेलू’ म्हटले तर सेलू परभणी जिल्ह्यातही आहे. ‘कारंजा’ म्हटले तर वाशीम जिल्ह्याचे कारंजा लाड त्याच्या कानास अधिक परिचित असावयाचे. म्हणून प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि त्यानंतर देऊळ, शाळा, पाण्याची टाकी अशी एखादी ठळक खूण, ह्या क्रमाने बोलण्याची सवय घरातील लहान मुलासही लावली पाहिजे. सांगून झाल्यावर फोन आपण ठेवू नये, व तो दुसऱ्या कामात गुंतवू नये. कारण गाडीचा डॉक्टर वाटेतूनच आपणांस विचारणा करितो. ही शिकवण देण्यास सरकारी ठराव लागत नाही. गावच्या मास्तरांचा अर्धा तास पुरे आहे.

आमच्या जिल्ह्याची स्थिती मात्र विचार करावयास लावणारी आहे. सहा हजार तीनशे चौरस किलोमीटरांचा हा मुलूख, आठ तालुके, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे तेरा लाख लोकसंख्या. मोठ्या रुग्णालयांच्या बाबतीत वर्धा जिल्हा अनेक जिल्ह्यांस हेवा वाटावा इतका भाग्यवान आहे. वर्धेस जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामास डॉ. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली स्थापिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे कस्तुरबा रुग्णालय. सावंगी मेघे येथे दुसऱ्या महाविद्यालयाचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय. परंतु हे तिन्ही दिवे एकाच अंगणात लागलेले आहेत. उत्तरेच्या टोकाचे आष्टी व कारंजा घाडगे, वर्धा नदीच्या काठची आर्वी तालुक्यातील खेडी, दक्षिणेकडील हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांची शिवारे येथवर त्यांचा उजेड आपोआप पोहोचत नाही. हिंगणघाट व आर्वी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, हे खरे. तथापि डोक्यास मार बसलेल्या किंवा श्वास बंद पडत असलेल्या रोग्यास बहुधा तेथून पुढे वर्धा, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते. अशा जिल्ह्यात धावती गाडी ही सोयीची वस्तू नव्हे. तो दिव्यापासून खेड्यापर्यंतचा तारेचा धागा होय. तो तुटला की दिवे असूनही अंधार.

हा धागा तीन ठिकाणी तुटतो, असे आम्हांस दिसते : घरात, रस्त्यावर आणि रुग्णालयाच्या दारात.

घरातील विलंब सर्वांत लाजिरवाणा आहे, कारण त्याचा दोष कोणा सरकारवर ढकलता येत नाही. साप चावला की दावे घेऊन अंग करकचून बांधावयाचे, जखमेवर पाते चालवावयाचे, आणि मग मांत्रिकाच्या ओट्यावर घटका मोजीत बसावयाचे, हा प्रकार अद्याप खेड्यांतून नाहीसा झालेला नाही. मण्यारीच्या विषाने पापण्या जड होतात, पुढे श्वास चालविणारे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी कोणी फुगा दाबून श्वास चालू ठेवला आणि प्रतिविष दिले, तर मेल्यासारखा दिसणारा मनुष्य उठून बसतो. मंत्राने श्वास चालत नाही. सर्पाने पुरेसे विष सोडलेले नसले म्हणजे रोगी आपोआप बरा होतो, आणि त्याच्या पुण्याईवर मांत्रिकाची दहा वर्षांची कमाई होते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्प, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु कायदा पुस्तकात आहे आणि मांत्रिक गावात आहे. गावातील शहाण्या माणसांनी बोलण्याचे धैर्य दाखविल्याशिवाय पुस्तक गावात येणार नाही. फवारणीच्या विषारी औषधांचेही तसेच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय घडले ते कापूस पिकविणाऱ्या कोणत्याही घरास सांगावयास नको. फवारणीहून आलेल्या माणसास मळमळ, घाम, लाळ सुरू झाली की ‘ऊन लागले असेल’ म्हणून त्यास खाटेवर निजविणे म्हणजे त्याच्या अडीच घटका आपल्या हातांनी जाळणे होय.

शहरी वाचकांनी येथे मान डोलावून खेडुतांस हसू नये. छातीत कळ आलेल्या शेटजींस ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पाजणारे, मुलगा दुकान बंद करून येईपर्यंत थांबणारे, आणि मग आपल्याच मोटारीच्या मागच्या आसनावर त्यांस आडवे करून धावणारे लोक खेड्यातले नसतात. घरच्या मोटारीत प्राणवायू नसतो, हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र नसते, आणि वाटेत हृदय थांबले तर चालक मुलास काही करता येत नाही. गाडी दूर आहे असे कळले तर निराळी गोष्ट. एरवी प्रथम १०८ फिरविणे हेच शहाणपण.

रस्त्यावर पडलेल्या माणसाभोवती जी गर्दी जमते ती अजूनही बहुधा पाहणाऱ्यांची असते, उचलणाऱ्यांची नसते. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, साक्षीस खेटे घालावे लागतील, ही भीती. ती एके काळी निराधार नव्हती, हे आम्ही मान्य करितो. परंतु आज ती निराधार आहे. जखमीस प्रथम उपचार, कागदपत्रे मागाहून, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला. जखमीस मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची किंवा रुग्णालयात अडकून पडण्याची सक्ती करू नये, ह्या नियमांवर त्याच न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच अशा परोपकारी माणसास संरक्षण मिळाले. आजारी मनुष्यास नेणाऱ्या गाडीस वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैद ठेवली आहे, ती ह्याच दुरुस्तीने. बजाज चौकात भोंगा वाजत असता आपले वाहन तिळभर न हलविणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि आकड्याहून अधिक हे लक्षात ठेवावे की, आतला मनुष्य कोण आहे हे त्यांस ठाऊक नसते.

दुसरा विलंब रस्त्यावरचा. वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्गाचा सुमारे साठ किलोमीटरांचा पट्टा जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, व संपूर्ण मार्ग २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. त्यावर मन मानेल तेथून चढता येत नाही की उतरता येत नाही. अपघात एका बाजूस व गाडी दुसऱ्या बाजूस असली, तर समोर दिसणाऱ्या जखमीकडे जाण्यासाठी कोसच्या कोस फिरून यावे लागते. नागपूर-हैदराबाद व नागपूर-अमरावती हे दोन जुने हमरस्तेही ह्याच जिल्ह्याच्या अंगावरून जातात. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या २०१६ व २०१८ सालच्या दुर्घटना, आणि २०२२ च्या जानेवारीत सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार कोसळून एका रात्रीत गेलेले सात वैद्यकीय विद्यार्थी ह्यांचे दुःख जिल्हा विसरलेला नाही. परंतु ज्यांची बातमी होते त्यांच्याहून ज्यांची होत नाही असे अधिक. पावसाळ्यात पांदणीच्या चिखलापाशी गाडी थांबते, आणि तेथून अर्धा कोस रोग्यास खाटेवर उचलून आणावे लागते; ह्या अर्ध्या कोसाची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

तिसरा विलंब दारातील. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून उपजिल्ह्यास, तेथून वर्धेस, अशी चिठ्ठ्यांची माळ गळ्यात घालून रोगी फिरतो, आणि प्रत्येक दारी त्यास नव्याने नाव-गाव विचारले जाते. ह्यास एकटा डॉक्टर जबाबदार नाही. प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेकडे, त्यांवरची सरकारी रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, दोन मोठी रुग्णालये आपापल्या संस्थांकडे, आणि १०८ ची व्यवस्था राज्यपातळीवरील कंत्राटाकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर घरे चार आहेत.

ह्यावर उपाय काय ? परदेशातील एका जिल्ह्याचे उदाहरण आम्ही देतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल शहर ज्या किंग परगण्यात आहे, तेथे १९७० साली प्रशिक्षित सेवकांची धावती गाडी सुरू झाली. तिच्या चालकांनी लवकरच ओळखले की, गाडी कितीही वेगाने धावली तरी पहिली चार मिनिटे शेजाऱ्याचीच असतात. म्हणून त्यांनी सामान्य नागरिकांस छाती दाबण्याची क्रिया हजारोंच्या संख्येने शिकविली. १९७९ पासून तेथील लोक ह्या सेवेसाठी स्वतंत्र कर स्वतःवर बसवून घेत आले आहेत, आणि ठरावीक वर्षांनी मतदान करून तो पुन्हा मंजूर करितात. त्याच्या मोबदल्यात किती हाका आल्या, गाडी किती वेळात पोहोचली, किती माणसे वाचली, ह्याचा हिशेब दरवर्षी त्यांच्यापुढे छापून ठेवला जातो. धनाढ्य देशाची गोष्ट म्हणून हे सोडून देण्याचे कारण नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयाने भोवतालच्या गावांतील कुटुंबांकडून सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन त्यांच्या उपचारांची तरतूद केली, ती ह्याच जिल्ह्यात. पायलीभर ज्वारी देणारा शेतकरी रुग्णालयाच्या दारी याचक म्हणून उभा राहत नाही. वाटेकरी म्हणून उभा राहतो. सिअ‍ॅटलच्या कराचे व सेवाग्रामच्या ज्वारीचे मर्म एकच आहे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी व जिल्हा परिषदेने दरमहा तालुकावार आकडे प्रसिद्ध करावेत : किती हाका आल्या, किती ठिकाणी ठरलेल्या वेळेत गाडी पोहोचली, किती ठिकाणी नाही. सर्व जिल्ह्याची एकच सरासरी आम्हांस नको. वर्धा शहराची दहा मिनिटे व आष्टीच्या टोकाची पन्नास मिनिटे एकत्र केली की तीस मिनिटांचा देखणा आकडा तयार होतो, आणि आष्टीचा रोगी त्या आकड्याखाली गाडला जातो. १९४२ साली देशासाठी रक्त सांडलेल्या गावाच्या वाट्यास सरासरीची सावली येऊ नये. प्रत्येक केंद्राच्या दारावर सर्पविषावरील लस आज शिल्लक आहे की नाही, ह्याचा फलक असावा. रोगी पुढे पाठवावयाचा तर पुढच्या दारास आधी फोन झाल्यावाचून व बरोबर जाणकार मनुष्य दिल्यावाचून पाठवू नये. गाडीवरील डॉक्टर व चालक ह्यांचे वेतन वेळेवर व पुरेसे मिळावे. ज्याच्या स्वतःच्या घरात महिनाअखेरीची चिंता आहे त्याच्याकडून दुसऱ्याच्या मिनिटांची चिंता करविणे अन्यायाचे आहे.

व्यापारी बंधूंस आमचे निराळे सांगणे आहे. हिंगणघाटच्या, आर्वीच्या, वर्धेच्या बाजारांत मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि त्याच उन्हात हमाल पाठीवर पोती वाहतो. तो कोसळला असता त्यास सावलीत घेऊन अंग पाण्याने भिजविणे, वारा घालणे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ फिरविणे, हे अडत्यांच्या प्रत्येक गादीवर एका तरी मनुष्यास यावयास पाहिजे. दोन वैद्यकीय महाविद्यालये ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे शिकविणारे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. बाजार समित्यांनी वर्षाकाठी दोन दिवस बोलवावे. विद्यार्थी आनंदाने येतील. दुकानाचा विमा उतरविणारे आपण सारे, दुकानदाराच्या व हमालाच्या प्राणांचा हा बिनहप्त्याचा विमा उतरविण्यास का कचरावे ?

फुकट मिळते म्हणून लोक गाडीचा दुरुपयोग करितात, असा आक्षेप ऐकू येतो. काही करीत असतील. थट्टेने हाक मारणारा मनुष्य दुसऱ्याच्या घरातील मिनिटे चोरतो, आणि त्यास चोरासारखेच वागविले पाहिजे. परंतु कोणी विहिरीत दगड टाकतो म्हणून गाव विहीर बुजवीत नाही.

ही सेवा सरकारची मेहेरबानी नाही व कंत्राटदाराचा धर्मादायही नाही. ती आपल्या करांतून चालणारी आपली वस्तू आहे. आपल्या वस्तूची देखरेख जो करीत नाही त्याची वस्तू लवकरच दुसऱ्याची होते, हे व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे ! आज रात्री जिल्ह्यातील कोणत्या तरी घरात कोणी तरी खाटेवरून उठून छातीवर हात ठेवील. ते घर कोणाचे असेल हे सांगता येत नाही. त्या घरात १०८ हा आकडा, जिल्हा-तालुका-गाव हा क्रम, आणि छाती कशी दाबावी ही विद्या हजर असेल की नाही, हे मात्र आपणांस आजच ठरविता येते. अडीच घटकांपैकी पहिली घटका आपली आहे. ती आपण चुकविली तर उरलेल्या दीड घटकेचा जाब सरकारास कोणत्या तोंडाने विचारणार?